बोर्डाची तेरवी

बाई खोकल्याशिवाय खोलीत कधी आल्या नाहीत. खोकला त्यांना नव्हता, तब्येत चांगली खणखणीत होती. पण एक्स्चेंजचा जिना चढून वर आल्या की दाराबाहेर थांबायच्या, दोनदा घसा खाकरायच्या, कमरेच्या किल्ल्या उगाच एकदा वाजवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायच्या. तेवढ्यात आमच्यातली जी कोणी स्वेटर विणत असेल ती सुया मांडीखाली सरकवायची आणि जी शेजारणीशी गप्पा मारत असेल ती सरळ बसायची. एकदा खात्याचे कोणी मोठे साहेब तपासणीला आले होते. त्यांनी विचारलं, अशी वर्दी देऊन आलात तर चोर सापडेल कसा? बाई म्हणाल्या, "मले चोर पकडाचाच नाही साहेब. मले काम करणाऱ्या पोरी पाहिजेत. मी आत येते तवा त्या काम करत असतात. अजून काय पाहिजे?" साहेब चहा पिऊन गेले.

बाई म्हणजे आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या सुपरवायझर. ही साठच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या आमच्या भागात तेव्हा फोनला नंबर फिरवायची तबकडी नव्हती. फोन उचलला की आमच्या बोर्डावर त्या नंबराचा दिवा लागायचा, आम्ही "नंबर प्लीज" म्हणायचो आणि दोरीच्या टोकाचा प्लग त्या नंबराच्या भोकात खुपसून दोन माणसं जोडून द्यायचो. नंबर सांगणारे मात्र थोडेच. बाकीचे हक्काने म्हणायचे, "जरा डॉक्टरसाहेबांना लावा," किंवा "बाई, माझ्या साडूला द्या." साडू कोण, कुठला, हे आम्हाला ठाऊक असलंच पाहिजे! आणि गंमत म्हणजे ते असायचंही.

लाइनवर बाईंचं इंग्रजी असं की ऐकणाऱ्याला वाटावं, पलीकडे गोरी मडम बसली आहे. हेडसेट काढला की अस्सल वऱ्हाडी. मे महिन्यात खिडक्यांना वाळ्याचे ताटे, म्हणजे वाळ्याच्या गवताचे पडदे, लावलेले असत. त्यांच्यावर पाणी मारायला शिपाई होता, पण बाई स्वतः तांब्या घेऊन उठायच्या. ताट्यांवर पाणी मारून झालं की उरलेलं सरळ स्वतःच्या डोक्यावर ओतायच्या आणि निथळत्या केसांनी टेबलाशी येऊन कामाला बसायच्या. समोर कोण बसलं आहे याची पर्वा नाही. उन्हाळ्यात प्रत्येकीच्या पर्समध्ये कांदा असलाच पाहिजे, असा त्यांचा कायदा होता. घरी निघताना दारात पर्स उघडून दाखवावी लागायची. कांदा नसेल तर स्वतःच्या टेबलाच्या खणातून काढून देत आणि वर ऐकवत, "ऊन लागून मेलीस तं तुह्या मायले काय मी तोंड दाखवू?" त्यांच्या त्या खणात फायली कमी आणि कांदे जास्त असत.

मी तेव्हा नुकतीच ऑपरेटर म्हणून लागले होते. वडील मिलमध्ये होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी घरातला देव्हारा काढला आणि त्या फळीवर माझी शाळेची पुस्तकं लावली. "आता हेच," एवढंच म्हणाले. मी बी.ए. व्हावं हा त्यांचा एकच हट्ट होता. आमच्या वस्तीत तोवर कोणाची मुलगी तिथवर पोचली नव्हती. म्हणून सकाळी कॉलेज आणि दुपारपासून ड्यूटी, अशी माझी धावपळ चालायची. बाईंनी कधी विचारलं नाही की तू कुठली, कोणाची. पहिल्याच दिवशी माझा डबा उघडून पाहिला, वांग्याच्या भाजीचा एक घास घेतला आणि म्हणाल्या, "तिखट बरं हाय. टिकशीन तू." नोकरीतली माझी ती पहिली परीक्षा.

मग बातमी आली की ऑटोमॅटिक एक्स्चेंज येणार. लोक स्वतःच नंबर फिरवणार आणि बोर्ड जाणार. बोर्ड जाणार म्हणजे बोर्डावरच्या बायाही जाणार, हे सांगायला कोणी जोतिषी नको होता. नोकरी सरकारी, ती सुटणार नव्हती. पण जास्तीच्या ऑपरेटर बाहेरगावी पाठवणार हे उघड होतं. मी सगळ्यांत ज्युनिअर. मला पाठवलं तर कॉलेज गेलं, आणि तेही बी.ए.च्या शेवटच्या वर्षात. वडिलांना हे मी सांगितलंच नाही. फळीवरची पुस्तकं पुसताना त्यांना पाहिलं की मी तिथून उठून जायची.

खोलीत अफवांना नुसता ऊत आला. कोणी म्हणे सगळ्यांना गोंदियाला पाठवणार, कोणी म्हणे लग्न झालेल्यांना ठेवणार. एक तर म्हणाली की मशीन आंधळं असतं, सहा महिन्यांत परत बोर्ड आणतील. अशात एके दिवशी आमचे इंजिनिअर साहेब आले. माणूस तरुण आणि भला होता. सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "कोणालाही काहीही त्रास होणार नाही. निश्चिंत राहा." आमचे चेहरे एकदम उजळले. बाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

"साहेब, एक विचारू? हे तुमाले माहीत हाय का वाटते?"

साहेब गडबडले. "म्हणजे... मला तसं वाटतं."

"मंग वाटते म्हणा. या पोरी आत्ता घरी जातीन अन् आईबापाले तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगतीन. उद्या खोटं झालं तं तुमी सापडणार नाही, मी सापडीन."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "वाटतं." खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बाईंचा राग आला होता. दोन घटका सुखाने श्वास घेऊ दिला असता तर काय बिघडलं असतं! पण साहेब त्या दिवसापासून आमच्याशी माणसासारखे बोलायला लागले. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणून सांगायला लागले.

बाईंनीही एक नवा नेम सुरू केला. ड्यूटी बदलायच्या वेळी दोन्ही पाळ्यांच्या मुली एकत्र असत. तेव्हा त्या खुर्चीला टेकून उभ्या राहत आणि त्या दिवसाची खबर सांगत. मशीनच्या पेट्या मालधक्क्यावर उतरल्या. खालच्या हॉलची फरशी बसते आहे. बहुतेक दिवशी सांगायला काहीच नसे. तरी त्या उभ्या राहायच्याच आणि म्हणायच्या, "आज काही समजलं नाही. जा घरी." आधी आम्ही हसायचो. सांगायला काही नाही हे सांगण्यासाठी उभं राहायचं, हा काय प्रकार? पण महिनाभरात अफवा आपोआप बसल्या. कोणी काही कुजबुजलं की दुसरी म्हणायची, "बाईनं सांगितलं का? नाही ना? मंग चूप बस." मी रात्री पुन्हा अभ्यास करू लागले.

शांताताई आमच्यात सगळ्यांत जुनी ऑपरेटर. नवऱ्यामागे दोन मुलं तिने या बोर्डावर वाढवली होती. बाईंनी पुढचा बेत सांगितला तेव्हा ती भडकली. बेत असा होता की आम्ही ऑपरेटर दोघी-दोघींनी दुकानोदुकानी, घरोघर जायचं आणि लोकांना नंबर फिरवायला शिकवायचं.

"आपल्याच हातानं आपली चूल विझवाची का बाई?" शांताताई म्हणाली.

"चूल विझूनच राहिली हाय, शांता. फुंकून फुंकून डोळे कायले लाल करते? जिकडं पेटून राहिलं तिकडं तवा ठेव," बाई म्हणाल्या. "नवीन मशीन आलं की लोकाचे नंबर चुकतीन. मंग शिव्या कोणाले देतीन? चौकशीचा बोर्ड तं राहणारच हाय, त्याच्यावर तुमीच बसणार. तुमचं तोंड पाहिलं असलं तं शिवी जरा कमी पडते. अन् चौकशी वाढली तं माणसं लागतीन. साहेबाले मी तेच सांगून राहिली."

शांताताई दोन दिवस बाईंशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच मला म्हणाली, "चल वं, इतवारीत जाऊ."

इतवारीत एक धान्याचे व्यापारी होते. त्यांचा आवाज मी रोज ऐकायची. माणूस बघितला तो पहिल्यांदा. आवाजावरून पैलवान वाटायचे, निघाले काडीसारखे. सरावासाठी त्यांच्याकडे नवा फोन जोडून दिला होता. त्यांनी तो उचलून कानाला लावला आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. "बाई, यात भुंगा बसला हाय काय?" तो डायल टोन होता. आजवर फोन उचलला की आमचा आवाज यायचा, आता गूं करून आवाज येत होता. म्हणजे फोन बिघडला, अशी त्यांची खात्री. मी समजावलं की हा भुंगा म्हणजे मशीन तुम्हाला नंबर विचारतं आहे. "असं का?" म्हणाले आणि मोठ्या आदबीने त्या भुंग्याला सांगू लागले, "जरा माह्या साडूले लावून दे, बापा." शांताताई पोत्यावर बसून पदरात तोंड खुपसून हसत होती. शेवटी त्यांचं बोट धरून मी नंबर फिरवून घेतला. पलीकडे घंटी वाजली, साडू बोलला आणि शेटजींचा चेहरा लहान पोरासारखा फुलला.

फोन ठेवून मग त्यांनी विचारलं, "हे तं झालं. पण आता तुमी काय कराल बाई?"

मी तबकडी कशी फिरवायची तेच त्यांना पुन्हा सांगत बसले. परत आल्यावर मी बाईंना विचारलं, काय सांगायला हवं होतं? बाई कांदा सोलत होत्या. म्हणाल्या, "माहीत नाही म्हणाचं. माहीत नाही म्हणाले लाज नाही लागत वं, छाती लागते."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाईंनी मला ड्यूटीच्या मधेच गच्चीवर बोलावलं. चहाचे दोन कप आधीच आणून ठेवलेले होते. त्यांनी आधी एक कप माझ्या हातात दिला.

"आज समजलं," त्या म्हणाल्या. "साहेबाच्या टेबलावरून मी सरळ इकडंच आली. तुह्यं नाव हाय. चांद्याले जाणं हाय."

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. मी कप खाली ठेवला. 

"ज्युनिअर तू हायस. नियम तसा हाय अन् तो माह्यानं मोडत नाही. मी भांडली. नाही झालं. कोणाच्या तोंडून ऐकाच्या आधी माह्याकडून ऐक, म्हणून बोलावलं." मग म्हणाल्या, "आता सांग, यात सगळ्यांत जास्त काय जाते तुह्यं?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी नुसती "सगळं जाणार, सगळं जाणार" असं मनात घोकत होते. विचारल्यावर एका वाक्यात उत्तर निघालं. "परीक्षा," मी म्हणाले. "एप्रिलमध्ये फायनल आहे."

"बस? मंग रड नंतर. हॉल-तिकीट आलं की आणून दाखव."

त्या संध्याकाळी त्या साहेबांकडे गेल्या. काय बोलल्या ते साहेबांनीच पुढे सांगितलं. बदली रद्द करा असा शब्दही त्यांनी काढला नाही. मशीन सुरू झाल्यावर चौकशीच्या बोर्डावर झुंबड उडेल, ती ओसरेपर्यंत एकही ऑपरेटर सोडू नका आणि या मुलीची तारीख मेची धरा, एवढंच मागितलं. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "रद्द करा म्हटलं की साहेब नाही म्हणते. तारीख मागितली की क्यालेंडर पाहते." आयुष्यात पुढे मी कितीतरी साहेबांकडे कितीतरी कामं घेऊन गेले. हे वाक्य कधी वाया गेलं नाही.

बोर्ड बंद झाला ती रविवारची सकाळ होती. नव्या मशीनसाठी खाली नारळ, हार, पेढे आणि मोठमोठे साहेब. बाई आम्हाला घेऊन वरच थांबल्या. त्यांनी पहिला हार जुन्या बोर्डाला घातला. बोर्डाला त्या "म्हातारी" म्हणायच्या. खालून इशारा झाला आणि सगळे दिवे एकदम विझले. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. कोणीतरी शांताताईच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, "जाऊ दे, हिंमत धर." बाई ओरडल्या, "खबरदार! आज कोणी कोणाले हिंमत द्याची नाही. रडून घ्या सगळ्या." आणि पहिल्यांदा त्या स्वतःच रडल्या, भोकाड पसरून, पदराला नाक पुसत. खालचे साहेब जिन्यात येऊन उभे राहिले, पण वर यायची कोणाची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी म्हातारीची तेरवी ठेवली. हो, तेरवी! बुंदी, पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, सगळं रीतसर. तेरा दिवस थांबायला कोणाला वेळ आहे, असं त्यांचं म्हणणं. माझी मात्र पंचाईत झाली. दीक्षेनंतर आमच्या घरातून तेरव्या-बिरव्या गेल्या होत्या आणि मी तेरवीच्या पंगतीला बसले हे वडिलांना रुचलं नसतं. मी बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरोबर हाय तुह्यं. मंग तू तेरवी नको समजू, नुसती बुंदी समज." मी ती बुंदी समजून दोनदा वाढून घेतली. घरी सांगितलं तर वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जेवायच्या आधी बाईंनी प्रत्येकीला म्हातारीची एकेक आठवण सांगायला लावली. शांताताईने सांगितलं की एका पावसाळ्यात एका घरात बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, नवरा फोनवर नुसता रडत होता, नंबर काही बोलत नव्हता. तिने स्वतःच्याच मनाने डॉक्टरणीला जोडून दिलं. पोरगं सुखरूप झालं. "आता मशीनले कसं समजन, का माणूस रडून राहिला म्हणून?" ती म्हणाली. बाईंनी मान हलवली. "नाही समजणार. हे नुकसान हाय. हाय ते हाय म्हणाचं." मग पानं उठल्यावर त्यांनी हात धुतले आणि सांगून टाकलं, "झालं. उद्यापासून जिच्या तोंडून 'आपल्या बोर्डाच्या टायमाले' निघालं, तिनं सगळ्याईले चहा पाजाचा." पहिला चहा त्यांनाच पाजावा लागला, तोही दुसऱ्याच सकाळी.

नवी यंत्रं मी नंतर कितीतरी पाहिली. प्रत्येक वेळी नव्याला हार घातले जातात, जुन्याला कोणी निरोप देत नाही. मग माणसं वर्षानुवर्षं मनातल्या मनात सुतक पाळत बसतात. आम्ही ते दोन दिवसांत उरकलं, म्हणून चौकशीच्या बोर्डावर हसतमुखाने बसू शकलो. आणि तिथे खरोखरच झुंबड उडाली. निम्मं गाव भुंग्याची तक्रार करत होतं. पण "कोण, इतवारीत आलेल्या बाई का?" असं कोणी विचारलं की पुढचं बोलणं सोपं जायचं. शांताताई तिथेच राहिली आणि निवृत्त होईपर्यंत त्या बोर्डाची राणी होती.

माझं हॉल-तिकीट बघून बाईंनी माझ्या ड्यूट्या लावल्या. पेपरच्या दिवशी दुपारची सुट्टी, आदल्या दिवशी हलकी पाळी. परीक्षा झाली आणि मे महिन्यात मी चांद्याला गेले. स्टेशनवर वडील आले होते, त्यांनी माझी पेटी डब्यात चढवली. बाई आल्या नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

चांद्याला एक्स्चेंज लहान होतं आणि बोर्ड जुनाच. मी एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेऊन राहिले. ड्यूटी, खोली आणि ऊन. बोलायला कोणी नव्हतं. दर सकाळी नागपूरच्या ट्रंक रूममधून, म्हणजे बाहेरगावचे कॉल जोडणाऱ्या खोलीतून, लाइन तपासायला फोन यायचा. नागपूर म्हणायचं, "चांदा, लाइन कशी?" मी म्हणायची, "क्लिअर." झालं. रोज कोणीतरी वेगळीच असायची, अनोळखी आवाज.

बी.ए.चे निकाल तेव्हा वर्तमानपत्रात छापून यायचे, पास झालेल्यांचे नुसते नंबर, क्लासप्रमाणे. नागपूरचा पेपर चांद्याला दुपारच्या गाडीने पोचायचा. निकालाच्या दिवशी सकाळी मी बोर्डावर बसले होते, पण दिवे दिसत नव्हते. दुपारपर्यंतचा वेळ कसा काढायचा, तेच समजत नव्हतं. नागपूरचा दिवा लागला. मी प्लग लावला.

पलीकडून आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग तेच गोऱ्या मडमेचं इंग्रजी, "चांदा, हाऊ इज द लाइन?"

"क्लिअर," मी कशीबशी म्हणाले.

"मंग नीट ऐक वं. पेपर समोर हाय. तुह्या नंबराच्या खाली मी बोट ठेवून राहिली. सेकंड क्लास."

 मागे एकदम गलका झाला. शांताताईचा आवाज ओळखू आला, बाकीच्या सगळ्या एकावर एक ओरडत होत्या. कोणीतरी म्हणत होतं, तुझ्या वडिलांना सांगायला मिलच्या फाटकावर माणूस गेला आहे.

"चूप बसा सगळ्या," बाई त्यांच्यावर ओरडल्या. मग आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "रडून राहिली ना? रड. पण प्लग काढून रड. लाइन पब्लिकची हाय."

मी प्लग काढला.